वॅफल स्लॅबचा शिअर: कॉलमपाशी पास झाला, पण भरीव भाग संपतो तिथे बघितलंत का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दात परत मांडतो, म्हणजे मला बरोबर कळलाय का ते तुम्हालाही समजेल. वाचनालयाचा हॉल आहे, वर वॅफल स्लॅब (खाली साचे ठेवून चौकोनी खड्डे सोडलेली, दोन्ही दिशांना बारीक रिबची जाळी असलेली), ९ बाय ९ मीटरचं कॉलम ग्रिड, कॉलम ६०० बाय ६००, मध्ये बीम नकोत कारण आर्किटेक्टला खालून चौकोन दिसायला हवेत. स्लॅब एकूण ४०० मिमी, त्यात ७५ चं टॉपिंग, ९०० मिमीला एक रिब, रिब तळाला १२५ आणि वर १७५, काँक्रीट एम ३०. कॉलमभोवतीचे चार साचे भरून घेतलेत, म्हणजे तिथे खड्डे न सोडता भरीव काँक्रीट. सॉफ्टवेअरने पंचिंगचा (कॉलम स्लॅबला भेदून वर येण्याचा) रेशो, म्हणजे मागणी भागिले परवानगी, ०.७७ दाखवला, म्हणून तुम्ही शिअरचा (स्लॅब कापली जाण्याच्या जोराचा) विषय संपवला. आता ऑफिसमधले एक सीनियर म्हणतायत की "स्लॅबमध्ये रिंगा कोण देतं, टेबल १९ ची व्हॅल्यू घे, वर के चा फॅक्टर लाव, सुटतं सगळं" (रिंगा म्हणजे सळयांभोवतीच्या स्टिरप, टेबल १९ म्हणजे आयएस ४५६ या आपल्या काँक्रीट कोडातला रिंगांशिवायच्या शिअर स्ट्रेसचा तक्ता, के म्हणजे त्यावरचा पातळ स्लॅबचा वाढीव गुणक), आणि तुम्हाला आतून कुठेतरी खटकतंय म्हणून विचारताय की वॅफल स्लॅबची शिअर स्ट्रेंग्थ नेमकी किती धरायची.

खटकतंय ते बरोबर खटकतंय. ०.७७ हा आकडा चुकीचा नाहीये, फक्त तो ज्या जागेचा आहे ती जागा तुमच्या स्लॅबची कमजोर जागा नाही. वॅफल स्लॅबला एकच एक शिअर स्ट्रेंग्थ नसते, कॉलमजवळच्या भरीव डोक्यात वेगळी, रिबमध्ये वेगळी, आणि टॉपिंगला त्याची स्वतःची. भांडण होतं ते बहुतेक वेळा जिथे भरीव भाग संपून रिब चालू होतात त्या रेषेवर, कारण तिथे शिअर फारसा कमी झालेला नसतो पण काँक्रीट मात्र एकदम गायब होतं.

हे का होतं ते आधी बघू. वॅफलमध्ये आपण खालचं काँक्रीट काढून टाकतो कारण बेंडिंगमध्ये ताणाच्या बाजूचं काँक्रीट काही कामाचं नसतं, तिथे सळई काम करते. वजन वाचतं, खोली मिळते, डिफ्लेक्शन सुधारतं, सगळं छान. पण शिअरला ते काढलेलं काँक्रीट हवं असतं! साधा हिशेब करून बघा. २५० ची भरीव स्लॅब, डी (दाबाच्या कडेपासून ताणाच्या सळईपर्यंतची खोली) २२० धरा, पीटी (ताणाच्या सळईचं प्रमाण) ०.३५ टक्के, एम ३० ला टाऊ-सी (रिंगांशिवाय काँक्रीट घेतं तो शिअर स्ट्रेस, एमपीएमध्ये) साधारण ०.४२, त्यावर २५० जाडीचा के १.१०, म्हणजे एक मीटर रुंदीला शंभरएक केएन शिअर ती रिंगांशिवाय घेते. आता तुमची वॅफल, डी ३५०, पण ९०० मध्ये सरासरी १५० मिमीच रुंदी, पीटी ०.७५ धरून टाऊ-सी ०.५९, म्हणजे एका मीटरला जेमतेम ३४ केएन. खोली दीडपटीच्या वर नेली आणि शिअर एक तृतीयांशावर आला. बेंडिंगमध्ये जे फुकट मिळालं त्याची वसुली इथे होते.

आता तुमचेच आकडे घेऊन ठोकळ हिशेब करू, सॉफ्टवेअर बाजूला ठेवा, कागद घ्या. टॉपिंग आणि रिब मिळून स्वतःचं वजन साधारण ४.३५ केएन प्रति चौरस मीटर येतं, भरीव भागात ते १०. फिनिश आणि सर्व्हिसेस १.६, लाइव्ह लोड तुम्ही ४ सांगितलाय (पुस्तकांची उंच कपाटं भिंतीकडेने असतील तर तिथे तो पुरणार नाही, ते वेगळं बघा). दीडपट करून रिबच्या भागात १५ केएन प्रति चौरस मीटर. मधल्या कॉलमवर ८१ चौरस मीटरचा भार येतो, भरीव डोक्याचं जास्तीचं वजन धरून १२५० केएन.

पहिली तपासणी, कॉलमच्या तोंडापासून डी/२ वर. परीघ ४ गुणिले ९५० म्हणजे ३८०० मिमी, डी ३५०, आतल्या तुकड्यावरचा भार वजा करून स्ट्रेस ०.९२ एमपीए. थोडं मोमेंट ट्रान्सफर (स्लॅबचा वाकवणारा जोर कॉलममध्ये जाणं) म्हणून युरोकोडातला आतल्या कॉलमचा १.१५ चा फॅक्टर लावला तर १.०६. आयएस ४५६ प्रमाणे परवानगी ०.२५ गुणिले एफसीकेचं (काँक्रीटच्या ताकदीचं, इथे ३०) वर्गमूळ, एम ३० ला १.३७, चौकोनी कॉलम म्हणून केएस (कॉलमच्या आकाराचा गुणक) १. भागाकार ०.७७. म्हणजे तुमचं सॉफ्टवेअर आणि माझा कागद एकाच जागी पोचले, चांगली गोष्ट आहे.

दुसरी तपासणी, जी तुम्ही केली नाही. चार साचे भरले म्हणजे भरीव डोकं १.९५ मीटरचं झालं. त्याच्या प्रत्येक बाजूने तीन रिब बाहेर पडतात, चार बाजूंच्या मिळून १२. डोक्याच्या कडेपासून डी अंतरावर उभे राहा, तिथला चौकोन २.६५ मीटरचा, आतलं क्षेत्रफळ ७ चौरस मीटर, बाहेर राहिले ७४, गुणिले १५, म्हणजे १११० केएन. हे सगळं १२ रिबमधून आत येतं, एका रिबला ९२.५ केएन. भागिले १५० गुणिले ३५०, उत्तर १.७६ एमपीए.

आणि रिब एकटी किती घेते, ०.५९. म्हणजे मागणी तिप्पट आहे.

म्हणजे कॉलमपाशी तेवीस टक्के शिल्लक आणि तिथून जेमतेम मीटरभर पुढे गेलं की तिप्पट ओव्हर. सॉफ्टवेअरला दोष देऊ नका, त्याला कॉलमभोवतीचा परीघ तपासायला सांगितला, त्याने तेवढाच तपासला. रिबचा वन-वे (बीमसारखा एकाच दिशेचा) शिअर काढायचा तर डोक्याच्या कडेवर सेक्शन कट टाकून भार वाचावा लागतो किंवा रिब बीमसारख्या मॉडेल कराव्या लागतात, आणि "वॅफल" अशी प्रॉपर्टी देऊन एकसंध स्लॅब म्हणून मॉडेल केलं असेल तर रिबवर काय चाललंय ते आपल्याला आपणच विचारायला लागतं.

एक लक्षात घ्या, १२ रिब म्हणजे प्रत्येकीला बरोबर बारावा हिस्सा असं प्रत्यक्षात नसतं. मी ज्या ज्या वेळी रिब वेगळ्या मॉडेल करून बघितल्या त्यात कधी मधली जास्त घेते कधी कोपऱ्यातली, पॅनेल लांबट आहे का, डोकं केवढं आहे यावर ते फिरतं. म्हणून सरासरी काढल्यावर मी वर १५-२० टक्के ठेवतो. हा कोडाचा आकडा नाही, माझी सवय आहे, तुम्हाला मॉडेलमधून नेमकं मिळत असेल तर तेच घ्या. अमेरिकन कोड जॉइस्टला (म्हणजे अशा रिबला) टाऊ-सी १० टक्के वाढवून देतो ते याच कारणाने की एक रिब दमली तर शेजारची हात देते, पण त्याच्या अटी आहेत, रिबमधलं मोकळं अंतर ३० इंच म्हणजे ७६२ मिमीच्या आत हवं, आणि तुमच्या तळाशी ते ७७५ आहे! थोडक्यात हुकलं. तसंही तिप्पट मागणीला १० टक्क्यांनी काय होणार.

आता सीनियर साहेबांचा के. आयएस ४५६ मध्ये तो के "सॉलिड स्लॅब" साठी दिलाय, शब्द नीट वाचा. आणि एकूण जाडी ३०० किंवा जास्त असेल तर तो तसाही १ आहे, तुमची ४०० आहे. पण मी असे कॅल्क्युलेशन बघितलेत की वॅफलची "समतुल्य जाडी" काढली, तुमच्या केसमध्ये ती १७५ च्या आसपास येईल, आणि मग १७५ ला के १.२५ म्हणून पाव पट फुकट वाढवून घेतली. असं करू नका. समतुल्य जाडी वजनासाठी ठीक आहे, शिअरसाठी ती जाडी कुठेच अस्तित्वात नाही. रिब ही बारीक बीम आहे, बीमसारखीच वागवा.

रुंदी कोणती घ्यायची हा अजून एक वादाचा मुद्दा, १२५ की १५०? मी सरासरी १५० घेतो पण एकदा १२५ वर ताडून बघतो, कारण कॉलमजवळ मोमेंट उलटा असतो, दाब खालच्या बाजूला येतो आणि खाली रिब सगळ्यात बारीक असते. १२५ वर तुमचा स्ट्रेस २.११ होतो. पीटी काढताना पण वरची सळई घ्यायची, आणि फक्त जी रिबच्या रुंदीत किंवा अगदी लागून आहे तीच, टॉपिंगभर पसरलेली सगळी जाळी मोजून पीटी २ टक्के दाखवायची हा प्रकार मी तरी करत नाही. मी वर रिबमध्ये १६ च्या दोन धरल्यात, त्याचे ०.७७ टक्के होतात.

तर आता उपाय काय. तीन-चार वाटा आहेत आणि कुठली घ्यायची हे तुमच्या साइटवर आणि आर्किटेक्टच्या मूडवर अवलंबून आहे.

रिंगा देऊन सोडवायचं म्हटलं तर गणित बसतं. १.७६ वजा ०.५९, उरलेला शिअर ६१ केएन, ८ मिमीची दोन पायांची रिंग, आणि इथे लक्ष द्या, स्टील एफई ५०० वापरलं तरी आयएस ४५६ रिंगेसाठी ४१५ च्या वर धरू देत नाही, तर अंतर साधारण २०५ येतं. म्हणजे २०० ला बसतं, मी १५० देईन. पण मला ही वाट एकटी आवडत नाही. भरीव स्लॅबला कोड कमाल शिअर स्ट्रेसची मर्यादा निम्मी करतो, एम ३० ला ३.५ च्या जागी १.७५. रिबला ती सक्तीने लागू नाही हे मान्य, पण इतक्या बारीक रिबमध्ये मी स्वतः त्याच्या वर जात नाही, आणि तुम्ही सरासरी धरूनच १.७६ वर आहात.

दुसरी वाट, डोकं मोठं करा. चारच्या जागी सोळा साचे भरा, डोकं ३.७५ मीटर होईल, प्रत्येक बाजूला पाच रिब, एकूण २०. तोच हिशेब परत, बाहेरचा भार ९१८ केएन, एका रिबला ४६, स्ट्रेस ०.८७. निम्मा झाला! एकतर बाहेरचं क्षेत्र कमी झालं आणि दुसरं म्हणजे घेणाऱ्या रिब वाढल्या. खर्च बघा, एक साचा भरायला ०.१८ घनमीटर काँक्रीट, जास्तीचे बारा साचे म्हणजे सव्वादोन घनमीटर प्रत्येक कॉलमला, आणि हे वजन कॉलमच्या जवळच असल्यामुळे मधल्या स्पॅनच्या मोमेंटवर त्याचा फारसा परिणाम नाही, फाउंडेशनला थोडा भार वाढतो एवढंच. शिवाय आयएस ४५६ ड्रॉपची लांबी पॅनेलच्या एक तृतीयांश तरी मागतो, ९ मीटरला ३ मीटर. तुमचं भरीव डोकं म्हणजे काही खाली उतरलेला ड्रॉप नाही, पण हा आकडा काहीतरी अनुभवातूनच आला असणार, आणि १.९५ त्याच्या खूप आत आहे.

तिसरी वाट मधली आहे आणि ती ड्रॉइंग सुरू करतानाच सुचली तर फुकट असते, ग्रिड अर्ध्या मॉड्यूलने सरकवा. आत्ता तुमचा कॉलम रिबच्या फुलीवर बसलाय म्हणून डोकं दोन बाय दोन किंवा चार बाय चार असंच होतं. कॉलम साच्याच्या मध्यावर आणला तर तीन बाय तीन भरता येतं, डोकं २.८५, रिब १६, स्ट्रेस १.२२. आर्किटेक्टला पटलं तर हेही चालेल, मात्र रिंगा द्याव्याच लागतील.

माझ्यावर असतं तर मी सोळा साचे भरले असते आणि तरीही रिबमध्ये ८ च्या रिंगा २०० ला टाकल्या असत्या. हिशेबाने २५० ला चालतात, ०.७५ डी ची मर्यादा २६० च्या आसपास आहे. किती लांबपर्यंत? याच भाराने रिब स्वतःच्या जिवावर शिअर घ्यायला लागते ती कॉलमच्या मध्यापासून साधारण पावणेतीन मीटरवर, आणि गंमत अशी की वरची सळई पण नेमकी तिथेच संपते, तोंडापासून ०.३ स्पॅन म्हणजे अडीच मीटर. म्हणजे जिथे तुम्ही काँक्रीटवर विसंबायला लागता तिथेच वरची सळई तुटते आणि वरच्या बाजूचा पीटी कमी होतो. म्हणून मी कॉलमपासून स्पॅनच्या एक तृतीयांशापर्यंत रिंगा दाट ठेवतो आणि पुढे मधल्या भागात २५० ला नेतो, बंद करत नाही. रिबमध्ये मधे रिंगा हव्यातच का यावर दोन मतं आहेत, बीम म्हणून बघितलं तर कोड किमान रिंगा मागतो, स्लॅब म्हणून बघितलं तर मागत नाही. ४०० खोलीची बिनरिंगांची रिब मी ठेवत नाही, कारण शिअर तुटताना आधी सांगत नाही, बेंडिंगमध्ये निदान स्लॅब लोंबकळते, भेगा दिसतात, माणसं बाहेर पडतात. टोरांटोमध्ये कानी यांनी १९६७ मध्येच दाखवून ठेवलंय की बिनरिंगांची बीम जितकी खोल तितकी तिची शिअर ताकद प्रमाणात कमी भरते.

आता साइटवरची गोष्ट सांगतो कारण कागदावरची रिंग आणि रिबमधली रिंग यात फार अंतर असतं. बरीच वर्षं झाली, एका मोठ्या हॉलचं काम होतं, गाव आणि पार्टी सांगत नाही. काँक्रीटच्या आदल्या संध्याकाळी चेकिंगला गेलो. जाळी बघायला सुंदर, ओळीत साचे, कडप्प्याचे कव्हर ब्लॉक सगळीकडे. मी एका रिबवर बसून रिंग हलवून बघितली तर ती वरच्या सळईला अडकलेलीच नाही, यू आकाराची, वरून उघडी, खालच्या दोन सळयांभोवती बांधलेली आणि टोकं टॉपिंगच्या खाली दोन इंचावरच संपलेली. फिटरला विचारलं तर म्हणाला, "साहेब, वरची जाळी आम्ही नंतर अंथरली, बंद रिंग असती तर सळई ओवायला दोन दिवस लागले असते. आणि स्लॅबच आहे ना ही, रिंग फक्त सळई धरायला असते."

त्याच्या दृष्टीने तो बरोबरच होता, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. पण शिअरची तिरकी भेग कॉलमजवळ वरून सुरू होऊन खाली कॉलमकडे उतरते, रिंगेचं वरचं टोक वरच्या सळईला धरून नसेल तर ती रिंग भेगेच्या वरच्या काँक्रीटला पकडणार कशाने? नुसती शोभेची वस्तू. पुढे मोजत गेलो तर अजून एक मजा, दोन कॉलमपाशी भरायच्या साच्यांपैकी प्रत्येकी एकेक साचा तसाच बसवलेला, कारण "खालून डिझाइन तुटत होतं". काँक्रीट पुढे ढकललं, पंपवाल्याने मला काय काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही. साचे काढले, आणि प्रत्येक उघड्या रिंगेवर वरून टोपीसारखी उलटी यू रिंग घालून लॅप दिला, हूक वरच्या सळईवर. तीन दिवस गेले. तेव्हापासून माझ्या ड्रॉइंगमध्ये भरीव डोक्याचा प्लॅन वेगळा, तिरक्या रेषा मारून, साच्यांची संख्या आकड्यात लिहून असतो, आणि रिंगेचं डीटेल मोठ्या स्केलवर. नुसतं "८ एट २०० सी/सी" (८ मिमीच्या रिंगा दर २०० मिमीला) लिहिलं की साइटवर त्याचा अर्थ प्रत्येक जण आपापला काढतो.

बंद रिंग बसवायची तर रिबमध्ये जागा पण हवी, आणि इथे तुमचा तळाचा १२५ आडवा येणार आहे. फायर रेटिंग किती मागितलंय ते तुम्ही लिहिलं नाही. दोन तास असेल तर आयएस ४५६ च्या तक्त्यात सलग रिबला कव्हर ३५ आहे. १२५ मधून दोन्हीकडचे ३५ गेले, उरले ५५, रिंगेची जाडी १६ गेली, आत ३९. त्यात १६ च्या दोन सळया ठेवल्या तर मध्ये ७ मिमी, खडीचा दाणा पण जाणार नाही. तळाला १५० चा साचा घेतला तर आत ६४ मिळतात, सळयांच्या मध्ये ३२, तिथे १०-१२ मिमीची खडी आणि बारीक सुईचा व्हायब्रेटर चालतो. त्यामुळे रिब रुंद करणं हा शिअरचाच उपाय नाही, काँक्रीट तळापर्यंत पोचायचा पण आहे. रिबच्या तळाला हनीकोंब (काँक्रीट न पोचल्याने पोकळ्या) झालेला असेल तर वरचे सगळे दशांश स्थळापर्यंतचे हिशेब घरी ठेवा. कोड म्हणतो रिब ६५ पेक्षा बारीक नको, खोली रुंदीच्या चौपटीपेक्षा जास्त नको, अंतर दीड मीटरच्या आत, पण या कडेच्या मर्यादा आहेत, तिथपर्यंत जायलाच हवं असं नाही.

एज आणि कॉर्नर कॉलमचं तुम्ही काहीच लिहिलं नाहीत आणि मला तिथे जास्त काळजी वाटते. भार अर्धा असतो पण परीघ तीनच बाजूंचा, आणि मोमेंट ट्रान्सफर मोठा. आयएस ४५६ प्रमाणे चौकोनी कॉलमला आतल्या जागी असंतुलित मोमेंटचा ६० टक्के हिस्सा बेंडिंगने जातो, ४० टक्के शिअरच्या एक्सेन्ट्रिसिटीने (शिअर मध्यापासून हटल्यामुळे), तो ४० टक्के पंचिंगमध्ये मिळवायलाच हवा. झटपट अंदाजाला मी युरोकोडाचे १.४ आणि १.५ लावून बघतो, त्यात बसलं तर मग नीट हिशेब. कडेने किमान कॉलमच्या रुंदीएवढा भरीव पट्टा सलग फिरवा, बाहेरच्या भिंतीचा भार पण तोच घेईल.

आणि भोकं. वाचनालय आहे म्हणजे एसीचे डक्ट, फायरचे पाइप, केबल, सगळे कॉलमला चिकटून खाली उतरायला बघणार. कोड सांगतो की कॉलमपासून स्लॅबच्या जाडीच्या दहापट अंतरात भोक असेल तर त्याच्यामागे पडणारा परिघाचा तुकडा मोजायचा नाही. तुमची जाडी ४००, म्हणजे चार मीटर! ९ मीटरच्या स्पॅनमध्ये चार मीटर म्हणजे जवळजवळ सगळंच आलं. वॅफलमध्ये भोक टॉपिंगमधून, दोन रिबच्या मध्ये काढलं तर फारसं बिघडत नाही, पण कोअर कटिंगवाल्याने डोक्याच्या कडेची एक रिब कापली तर बारापैकी एक गेली, आणि ती पण नेमकी जड. एमईपीवाल्यांना (एसी, वीज, प्लंबिंगवाल्यांना) रिबचा प्लॅन आत्ताच द्या.

भूकंपाचं पण बघा. १९ सप्टेंबर १९८५ च्या मेक्सिको सिटीच्या भूकंपात बीम न देता थेट कॉलमवर ठेवलेल्या वॅफल स्लॅबच्या इमारती मोठ्या संख्येने पडल्या, कॉलमभोवती शिअरने स्लॅब सुटली आणि मजले एकावर एक बसले. तिथली माती, इमारतींची उंची, लांब आवर्तनाचे हेलकावे हे सगळं त्यात होतं, पण स्लॅब-कॉलमचा सांधाच आडवा भार पण घेत होता हे मुख्य. म्हणून आपल्याकडे २०१६ च्या आयएस १८९३ ने फ्लॅट स्लॅबच्या इमारतीत आडवा भार शिअर वॉलवर टाकायला लावलाय आणि ड्रिफ्ट (मजल्याचं आडवं सरकणं) ०.१ टक्क्यात ठेवायला सांगितलंय. तुमची स्लॅब वॅफल असली तरी बीम नाहीत म्हणजे ती त्याच जातीची. भिंती आहेत का? जिना-लिफ्टभोवती असतील तर दोन्ही दिशांना पुरतात का? आणि प्रत्येक दिशेने रिबच्या खालच्या निदान दोन सळया कॉलमच्या पिंजऱ्यातून आरपार न्या. समजा कधी पंचिंग झालंच तर वरच्या सळया कव्हर उचकटून सुटतात, खालच्या मात्र स्लॅबला झोळीसारखं धरून ठेवतात. यात खर्च असा काही नाही, फक्त रिब कॉलमवर येते का ते बघायला हवं. कॉलम साच्याच्या मध्यावर घेतलात तर रिब पिंजऱ्याच्या बाहेरून जातील, मग भरीव डोक्यात त्यासाठी वेगळ्या सळया टाकाव्या लागतील, हे ग्रिड सरकवताना विसरू नका.

कन्स्ट्रक्शन जॉइंटबद्दल एकच, कंत्राटदार तुम्हाला हमखास डोक्याच्या कडेवर जॉइंट मागेल कारण तिथे शटरिंग आपोआप तयार असतं. देऊ नका. स्पॅनच्या मधल्या भागात, जिथे शिअर कमी, तिथे न्या.

साचे तुम्ही भाड्याने घेताय की विकत ते कळवा, आणि कंपनीच्या कॅटलॉगमधला तळाचा आणि वरचा माप नेमका लिहा, काही साच्यांचा टेपर दिसतो त्यापेक्षा जास्त असतो. सोबत फायर रेटिंग, शिअर वॉलच्या जागा आणि एका एज कॉलमचा भार टाका. १५० तळाचा साचा मिळत असेल तर मी वर धरलेली सरासरी रुंदी १७५ होईल, डोकं सोळा साच्यांचं ठेवून रिबमधला स्ट्रेस ०.७५-०.८ वर येईल, वाढलेलं वजन धरूनसुद्धा. मग रिंगा २५० ला खुशाल ठेवा, फक्त बंद.